फोटोतला चौथा माणूस

दरवर्षी मार्चचा तिसरा आठवडा आला की आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांच्या ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. सूट घातलेले तीन पुरुष शेजारी शेजारी उभे आहेत. मधला जॉर्ज बुश, त्याचा हात शेजाऱ्याच्या खांद्यावर. एका बाजूला टोनी ब्लेअर, दुसऱ्या बाजूला स्पेनचा पंतप्रधान होजे मारिया अझ्नार. खाली कुणीतरी लाल अक्षरांत ‘इराकचे कातिल’ असं लिहिलेलं असतं. मग लानतीचे दोन-चार मेसेज येतात, कुणी रडका चेहरा टाकतो, आणि अर्ध्या तासात ग्रुप पुन्हा क्रिकेटवर येतो.

गेल्या वर्षी मी त्या पोरांना विचारलं, या फोटोत किती माणसं आहेत? सगळे म्हणाले, तीन. काय विचारता भाई, दिसतंय की.

चार आहेत. मूळ फोटोत ब्लेअरच्या पलीकडे, अगदी डावीकडे, आणखी एक माणूस उभा आहे. आपल्याकडे फिरतो तो फोटो कापलेला आहे, आणि तो काही आपल्याच लोकांनी कापलेला नाही. स्पेनमध्येसुद्धा लोक याला ‘अझोर्सचं त्रिकूट’च म्हणतात. चौथ्याला तिथेही कुणी मोजत नाही.

या चौथ्या माणसाबद्दल मला बोलायचं आहे. पण आधी फोटोबद्दल.

तारीख १६ मार्च २००३, रविवार. माझी दहावीची परीक्षा सुरू होती, म्हणून तो आठवडा पक्का लक्षात आहे. ठिकाण अझोर्स बेटं, पोर्तुगालची, अटलांटिक महासागराच्या ऐन मध्यात, लिस्बनपासून सुमारे दीड हजार किलोमीटरवर. त्यातल्या तेर्सेरा नावाच्या बेटावर लाजेस हा हवाई तळ आहे आणि दुसऱ्या महायुद्धापासून अमेरिकी लष्कर तो वापरत आलं आहे. (याच बेटावर १४९९ साली वास्को द गामाचा भाऊ पाउलो वारला. कालिकतहून परत जाताना तो आजारी पडला होता, तिथेच त्याला दफन केलं. समुद्रात एवढंसं दिसणारं ते बेट कोकण-मलबारच्या इतिहासात असं मध्येच डोकावून गेलेलं आहे.) तिथे हे चार नेते काही तासांसाठी भेटले, पत्रकारांसमोर बोलले, फोटो काढून घेतले आणि आपापल्या विमानांत बसले. दुसऱ्या दिवशी बुशनी सद्दाम हुसेनला ४८ तासांची मुदत दिली. २० मार्चच्या पहाटे बगदादवर बॉम्ब पडायला लागले.

समुद्राच्या मधोमधच का भेटायचं? कारण सरळ आहे. त्याआधी बरोबर महिनाभर, १५ फेब्रुवारीला, जगातल्या शेकडो शहरांत युद्धाविरुद्ध मोर्चे निघाले होते. लंडन, रोम, माद्रिद, बार्सिलोना इथे रस्त्यात पाय ठेवायला जागा नव्हती. ज्या शहरात ही मंडळी भेटली असती तिथे फोटोच्या चौकटीत लोक आले असते. बेटावर लोकांना बाहेर ठेवणं सोपं.

त्या दिवशी सांगितलं असं गेलं की ही शांततेची शेवटची धडपड आहे, संयुक्त राष्ट्रांना अखेरची संधी आहे. आता आपल्याला ठाऊक आहे की निर्णय केव्हाच झालेला होता. ब्रिटनमधल्या चिलकॉट चौकशीचा अहवाल ६ जुलै २०१६ रोजी आला, १२ खंड, सुमारे २६ लाख शब्द. त्या चौकशीत ब्लेअरनी बुशला जुलै २००२ मध्ये पाठवलेली चिठ्ठी उघड झाली. तिच्या पहिल्याच ओळीचा अर्थ असा की काहीही झालं तरी मी तुमच्यासोबत असेन. म्हणजे फोटोच्या आठ महिने आधी. स्पेनच्या ‘एल पाईस’ या दैनिकाने २००७ मध्ये बुश आणि अझ्नार यांच्यातल्या संभाषणाची टिपणं छापली. ती फेब्रुवारी २००३ मधली, बुशच्या टेक्सासमधल्या घरातली. त्यात बुश सांगतात की मार्चअखेर आपण बगदादमध्ये असू. आणि अझ्नार म्हणतात, आमच्याकडच्या जनमताचं काहीतरी बघा, मला मदत करा.

मग फोटो कशासाठी? फोटो त्या मदतीसाठीच होता. ठराव संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत मंजूर होणार नाही हे चौघांना कळलेलं होतं. कायद्याची मोहर मिळत नव्हती, म्हणून खांद्यावरचा हात. एकट्या माणसाने केलं तर त्याला हल्ला म्हणतात. चौघे झेंडे लावून एका ओळीत उभे राहिले की त्याला ‘आघाडी’ म्हणता येतं. त्या दिवशी दोन निवेदनंही प्रसिद्ध झाली. त्यातल्या एकाचा विषय होता इराक आणि इराकी जनतेचं भविष्य. त्या बेटावरच्या बैठकीत इराकी माणूस एकही नव्हता.

आता चौथा माणूस. जोझे मनुएल बारोसो, तेव्हा पोर्तुगालचे पंतप्रधान. त्यांनी काय केलं? जागा दिली. बेट त्यांचं, म्हणून ते यजमान. युद्धाची आखणी त्यांनी केली नाही, हल्ल्यात त्यांचं सैन्य नव्हतं. नंतर सव्वाशेच्या आसपास निमलष्करी पोलीस त्यांच्या सरकारने इराकला पाठवले, तेवढेच. फोटोत ते कडेला आहेत आणि कडेचा माणूस कापायला सोपा असतो. पण मला वाटतं, या चौघांत सगळ्यात जास्त त्यांच्याकडेच नीट पाहायला हवं. कारण बुश होणं आपल्यापैकी कुणाच्या नशिबात नाही. बारोसो मात्र आपण रोज होतो.

फोटोच्या पुढच्या वर्षी त्यांना बढती मिळाली. २००४ मध्ये ते युरोपियन कमिशनचे अध्यक्ष झाले आणि दहा वर्षं राहिले. २००७ च्या सुमारास त्यांनी सांगितलं की इराककडे महाविनाशक शस्त्रं असल्याची जी माहिती आम्हाला दिली गेली होती ती खरी निघाली नाही. झालं, एवढंच. मला दिलं, मी मानलं. २०१२ मध्ये शांततेचं नोबेल पारितोषिक युरोपियन युनियनला मिळालं. डिसेंबरात ऑस्लोच्या मंचावर ते स्वीकारायला युनियनच्या वतीने जे तीन पदाधिकारी उभे होते त्यांत एक बारोसो. हाही फोटो उपलब्ध आहे. दोन्ही शेजारी ठेवून बघा. २०१६ मध्ये ते गोल्डमन सॅक्स या बँकेत गेले.

बाकीच्या तिघांचंही काही वाईट झालं नाही. ब्लेअर ज्या दिवशी पंतप्रधानपदावरून उतरले त्याच दिवशी त्यांना मध्यपूर्वेतल्या शांततेसाठी दूत नेमण्यात आलं. चिलकॉट अहवाल म्हणाला की शांततेचे मार्ग संपलेले नसताना ब्रिटन युद्धात उतरलं. ब्लेअरनी दुःख व्यक्त केलं आणि त्याच दमात सांगितलं की पुन्हा वेळ आली तर हाच निर्णय घेईन. बुश निवृत्तीनंतर चित्रं काढायला शिकले. २०१४ मध्ये डॅलसमध्ये त्यांनी काढलेल्या जागतिक नेत्यांच्या व्यक्तिचित्रांचं प्रदर्शन भरलं. त्यात ब्लेअरही होते. पुढे त्यांनी युद्धातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांचे चेहरे रंगवले. त्या युद्धात अमेरिकेचे साडेचार हजारांच्या आसपास सैनिक मेले, ब्रिटनचे १७९. इराकी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या ‘इराक बॉडी काउंट’च्या यादीत हिंसाचारात मेलेल्यांचा आकडा दोन लाखांच्या घरात आहे. त्यात आयसिसच्या काळातले मृत्यूही आले, पण आयसिस काही आकाशातून पडली नव्हती. या दोन लाखांचे चेहरे अजून कुणी रंगवायला घेतलेले नाहीत.

इथपर्यंत आमची पोरं खूश असतात. कारण इथपर्यंत लेख त्यांच्या बाजूचा आहे. ‘बघा, हे गोरे कसे आपल्याला मारतात.’ म्हणून आता जरा अडचणीचं.

हे ‘गोरे’ कोण? युद्धाला स्पेनमध्ये दहापैकी नऊ लोकांचा विरोध होता. तो विरोध मुसलमानांचा नव्हता, तिथल्या आयाबायांचा, कामगारांचा, विद्यार्थ्यांचा, नटनट्यांचा होता. ब्रिटनमध्ये फोटोच्या दुसऱ्या दिवशी, १७ मार्चला, रॉबिन कुक यांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. ते ब्लेअरचे जुने परराष्ट्रमंत्री, साधा माणूस नव्हे. खुर्ची सोडून ते मागच्या बाकावर गेले आणि उभं राहून सांगितलं की या युद्धाला माझा पाठिंबा नाही. त्यानंतरच्या दिवशी मतदान झालं. ४१२ खासदार युद्धाच्या बाजूने, १४९ विरोधात. हे १४९ कुठल्या मदरशातून आले नव्हते.

वर्षभराने, ११ मार्च २००४ रोजी, माद्रिदमध्ये सकाळच्या लोकल गाड्यांत बॉम्ब फुटले. १९० हून अधिक माणसं मेली. ज्यांनी ते ठेवले त्यांनी इस्लामचं आणि इराकचं नाव घेतलं. मुंबईकरांना सकाळच्या लोकलमध्ये कोण बसलेलं असतं ते सांगायला नको. अझ्नार त्या गाडीत नव्हते. ज्या देशात दहापैकी नऊ लोक युद्धाच्या विरोधात होते त्याच देशातले, कामाला निघालेले लोक मेले. मृतांत मोरोक्कोहून आलेले मुस्लिमही होते. तीन दिवसांनी निवडणूक झाली. अझ्नारांचा पक्ष हरला आणि नव्या सरकारने सैन्य परत बोलावलं. हे बॉम्बमुळे झालं असं म्हणणारे आहेत. पण सैन्य परत आणण्याचं वचन नव्या पंतप्रधानांनी बॉम्बच्या आधीच दिलेलं होतं, आणि त्या तीन दिवसांत मावळत्या सरकारने हल्ल्याचा ठपका बास्क फुटीरांवर ठेवला, तो लोकांना खोटा वाटला. निर्णय मतपेटीतून आला. फोटोतल्या चौघांपैकी पक्षाला लगेच किंमत मोजायला लागली ती फक्त इथे.

आपल्या संसदेचंही सांगायला हवं, कारण ग्रुपवर कुणाला हे माहीत नव्हतं. एप्रिल २००३ मध्ये लोकसभेने एकमताने इराकवरच्या हल्ल्याविरुद्ध ठराव केला. तेव्हा अध्यक्षांच्या खुर्चीवर मनोहर जोशी होते. ठरावाच्या हिंदी प्रतीत ‘निंदा’ हा शब्द होता, इंग्रजी प्रतीत जरा मवाळ शब्द, आणि त्या दोन शब्दांवरून बरीच घासाघीस झाली. जुलैमध्ये वाजपेयी सरकारने इराकमध्ये सैन्य पाठवायला नकार दिला. अमेरिकेला भारताचे सतरा हजारांच्या आसपास जवान हवे होते. गुजरातला जेमतेम वर्ष उलटलं होतं, त्यामुळे त्या सरकारबद्दल चांगलं लिहायला हात धजत नाही. पण जे झालं ते झालं. चौकटीत येऊन उभे राहा असं आमंत्रण आपल्यालाही होतं आणि आपण गेलो नाही.

आता सगळ्यात अडचणीचं.

त्या दिवशी अझोर्सवर पत्रकारांसमोर बुशनी एका गावाची आठवण काढली. बरोबर पंधरा वर्षांपूर्वी, १६ मार्च १९८८ रोजी, सद्दामच्या विमानांनी उत्तर इराकमधल्या हलब्जा या कुर्द गावावर विषारी वायूचे बॉम्ब टाकले होते. पाच हजारांच्या आसपास माणसं मेली, बहुतेक बायका, मुलं, म्हातारे. बुशनी ही आठवण स्वार्थासाठी काढली, यात शंका नाही. १९८८ मध्ये अमेरिका सद्दामच्या बाजूला होती. २० डिसेंबर १९८३ चा फोटो आहे, बगदादमध्ये सद्दामशी हात मिळवणारा अमेरिकेचा दूत डोनाल्ड रम्सफेल्ड, जो २००३ मध्ये संरक्षणमंत्री होता. हलब्जा त्यांना पंधरा वर्षांनी, गरज पडल्यावर आठवलं.

पण आपल्याला? आपल्याला ते कधी आठवलं?

माझ्या चाचांचं शिवणकामाचं दुकान होतं. १९९१ च्या आखाती युद्धापासून दुकानात मशीनच्या वर सद्दामचं पोस्टर होतं. लष्करी वेष, काळी टोपी. त्याच वर्षी चाचांना मुलगा झाला, त्याचं नाव सद्दाम ठेवलं. आमच्या एकाच गल्लीत तीन सद्दाम आहेत, तिघेही त्या एक-दोन वर्षांतले. बिहार-झारखंडपासून केरळपर्यंत अशी नावं सापडतात. माझ्या या चुलत भावाने इंजिनिअरिंग केलं. मुलाखती व्हायच्या, मार्क चांगले, आणि मग फोन यायचा बंद. नावामुळेच, हे कुणी तोंडावर सांगत नाही. शेवटी त्याने गॅझेटमध्ये नाव बदललं. ज्यांनी नोकरी नाकारली त्यांचा अन्याय उघड आहे, पण त्या नावाचं ओझं त्याच्यावर आधी आपणच ठेवलं होतं.

चाचा वाईट माणूस नव्हेत. त्यांना सद्दामची राजनीती माहीत नव्हती. अमेरिकेला डोळा देणारा कुणीतरी आपला, एवढंच त्यांना दिसत होतं. सद्दामला स्वतःला सलाहुद्दीन अय्युबीसारखं दाखवण्याचा शौक होता. दोघेही तिक्रितचे. पण सलाहुद्दीन कुर्द होता, आणि कुर्दांची हजारो गावं सद्दामने जमीनदोस्त केली. त्या मोहिमेला नाव काय दिलं होतं? ‘अन्फाल’. कुरआन शरीफमधल्या आठव्या सूरेचं नाव. मुसलमानांना मारण्याच्या मोहिमेला कुरआनमधलं नाव, आणि त्या माणसाचं पोस्टर आमच्या दुकानात. कुणी व्यंगचित्र काढलं की आपण रस्त्यावर येतो. या अपमानावर माझ्या ऐकण्यात कुठल्या जुम्याच्या खुत्ब्यात एक वाक्य आलेलं नाही.

मला ठाऊक आहे, लगेच कुणी म्हणेल, म्हणजे तू अमेरिकेचं समर्थन करतोस. नाही. बुशचं युद्ध खोट्या कारणावर उभं होतं आणि हलब्जाचा उल्लेख करून ते खरं होत नाही. पण ते युद्ध चुकीचं होतं म्हणून सद्दाम आपला होत नाही. बेट देऊन बारोसो म्हणाले, मला दिलेली माहिती खोटी निघाली. आम्ही भिंत दिली होती.

हलब्जाचाही एक फोटो आहे, एका तुर्की छायाचित्रकाराने काढलेला. दाराच्या उंबऱ्याशी एक कुर्द बाप पालथा पडलेला आहे, कवेत तान्हं मूल. दोघेही मेलेले. बापाने मुलाला स्वतःच्या अंगाखाली झाकायचा प्रयत्न केला असावा असं वाटतं. या फोटोत कुणी खांद्यावर हात ठेवून उभं नाही. या वर्षी त्रिकुटाचा फोटो आला तेव्हा मी ग्रुपवर खाली हा टाकला, तारखेसकट. बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. मग एकाने विचारलं, हे कुठलं, गाझा का?

तो फोटो मी कॉलेजात असताना पहिल्यांदा पाहिला होता, आणि छापून चाचांना दाखवायला नेला होता. दुकान तेच, पोस्टरचा कागद पिवळा पडलेला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोटो जवळ धरला. बराच वेळ पाहिलं. आधी म्हणाले, हे खोटं असेल, अमेरिकावाले काहीही बनवतात. मी तारीख सांगितली, गाव सांगितलं, अन्फालचं सांगितलं. मग म्हणाले, तेव्हा आम्हाला हा कुणी दाखवला नाही रे.

मी विचारलं, दाखवला असता तर ते काढलं असतं का?

चाचांनी मशीनच्या पायट्यावर पाय ठेवला आणि अर्धवट राहिलेली शिलाई पुढे सुरू केली. पोस्टर त्यानंतर दीड-दोन महिने होतं. मग एका रमजानआधी दुकानाला चुना लावला, तेव्हा ते उतरलं, आणि पुन्हा लागलं नाही. का, ते मी विचारलं नाही.